उजवा खांदा

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी घरातल्या तिघांना कबूल केलेलं आहे. तिघांनी ते माझ्याकडून वेगवेगळं कबूल करून घेतलं, आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. गप्प मुलगी घरात असली की असं होतं. सगळे तिच्याजवळ येऊन बोलून जातात, भिंतीशी बोलावं तसं. तेव्हा मी सांगत नाही. मी फक्त समीक्षा नावाच्या एका मुलीची गोष्ट लिहिते. समीक्षा दहावीत आहे. बाईंनी वर्गात उभं केलं तर उत्तर येत असूनही तिचा शब्द घशात अडकतो. लिहिताना अडकत नाही.

१

समीक्षाची दुपार ठरलेली असायची. शाळेतून यायचं, फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकाला वळसा घालायचा आणि तीन मजले चढायचे. डोंबिवली पूर्वेची ती इमारत तिच्या बाबांपेक्षा थोडीच लहान. लिफ्ट नाही. जिन्याखाली महापालिकेची ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस. दर पावसाळ्याआधी नवी चिकटते आणि दिवाळीपर्यंत तिच्यावर क्लासची जाहिरात बसते. इमारत पाडून नवी बांधायची बोलणी समीक्षा बालवाडीत होती तेव्हापासून चाललेली. तळमजल्यावरचे सुधीरकाका म्हणायचे, “ही बिल्डिंग आपल्या सगळ्यांना पोचवेल आणि मगच पडेल.” त्यावर प्रमोदिनीकाकू आतून म्हणायच्या, “अहो, वास्तू तथास्तु म्हणते. जरा शुभ बोलावं.”

दुसरा मजला संपल्यावर जिन्यात एक तुळई खाली उतरलेली आहे. तिथे आली की समीक्षा मान खाली घालते. खरं तर तिचं डोकं तिथवर पोचतही नाही. ही सवय तिला सुदेशकाकाने लावलेली.

सुदेशकाका बाबांचा धाकटा भाऊ, मराठा पलटणीत नाईक. सुट्टीवर आला की तो समीक्षाला जिना चालूच द्यायचा नाही. तांदळाचं पोतं टाकावं तसं तिला उजव्या खांद्यावर टाकायचा, पाय पुढे, डोकं मागे. तिला पायऱ्या उलट्या दिसायच्या, काकाच्या बुटांच्या टाचा दिसायच्या, आणि तुळईपाशी हटकून आवाज यायचा, “लवंगी, डोकं सांभाळ!” पोरगी इतकी गप्प, म्हणून काकाने मुद्दाम फटाक्याचं नाव ठेवलेलं. त्या नावाने तिला दुसऱ्या कुणी कधी हाक मारली नाही.

काका गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. चार वर्षांच्या मुलीकडे किती साठणार? कॅन्टीनच्या साबणाचा वास. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला हिंदी पेपर. पहाटे स्वयंपाकघरातून येणारा काकाचा आणि आजीचा हलका हसण्याचा आवाज. आणि उलट्या पायऱ्या.

डोंगरात, नाल्यापलीकडे जखमी होऊन पडलेल्या तीन साथीदारांना त्याने गोळीबारातून एकेक करून खांद्यावर आणलं. चौथ्यांदा परत गेला तो आलाच नाही. सरकारने सेना पदक दिलं, मरणोत्तर. पुण्याला जाऊन ते आजीने घेतलं. शोकेसमध्ये मात्र तिने ते ठेवू दिलं नाही. ते तिच्या लुगड्यांच्या घडीत असतं आणि त्याला डांबरगोळ्यांचा वास लागलेला आहे.

गेल्या डिसेंबरात काका टेम्पोतून घरी आला.

म्हणजे त्याचा अर्धपुतळा आला. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चौकाला काकाचं नाव द्यायचं ठरलं होतं. कल्याणच्या मूर्तिकाराने फायबरचा पुतळा केला, वरून ब्राँझचा रंग दिला. चौकात चौथराही बांधून झाला आणि नेमकी निवडणुकीची आचारसंहिता लागली. अनावरण पुढे गेलं. मूर्तिकाराच्या कारखान्यात माघी गणपतींची गर्दी, तिथे जागा नाही. मग कुणीतरी म्हणालं, तोवर घरीच ठेवा की, तुमचंच माणूस आहे.

टेम्पोवाल्या दोघांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पुतळा धापा टाकत तीन मजले चढवला. दारात आजी उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

“आई, अगं पुतळाय तो,” बाबा म्हणाले.

“मग? लांबनं आलाय त्यो.”

तमाशा बघायला प्रमोदिनीकाकू वर आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मालनताई, भाकरतुकडा जिवंत माणसावरून ओवाळतात हो. गेलेल्या माणसाला असं ओवाळून उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.”

आजीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “त्या टायमाला पेटी आली तवा कुनी ववाळू दिलं मला? सायेब लोकं, बंदुका, फुलं. माजं लेकरू दारात आलं आन् मी पाव्हन्यावानी बघत बसले.”

तिने कापडावरूनच तुकडा ओवाळला आणि जिन्याच्या खिडकीतून खाली भिरकावला. मग उंबऱ्यावर पाणी ओतलं. “ये बाबा. आत ये.”

पाणी उंबऱ्यावरून घरात आलं, फरशीवर पसरलं. टेम्पोवाले पाय भिजू नयेत म्हणून मागेच थांबले होते. समीक्षा दाराआड उभी राहून पाण्याकडे बघत होती. दोन ठिकाणी ते थांबलं आणि वळसा घालून पुढे गेलं. मागे दोन कोरड्या जागा राहिल्या, शेजारी शेजारी, टाचेशी अरुंद.

फरशीला उतार असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग मनात आलं, उंचवटा असला तर पाणी वळसा घालतं. पण ती रोज तिथली लादी पुसायची. तिथे उंचवटा नव्हता.

२

पुतळा टीव्हीशेजारी लाकडी स्टुलावर बसला. छातीपर्यंतचाच तो, हात दंडापाशी संपलेले. आजी सकाळी उठली की आधी कापड काढायची. “गुदमरंल,” म्हणायची. मग त्याच्यासमोर बसून चहा प्यायची आणि गावच्या गोष्टी काढायची. कोणाची म्हैस व्याली, कोणाचं घर पडलं.

घर एकदम बदललं, हे खरं. आजी स्वयंपाकघरात येऊन हुलग्याचं माडगं करायला लागली. आईने कुरकुर केली नाही. बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीवर जातात. एरवी आले की मोबाइल घेऊन आडवे होणारे बाबा आता पुतळ्याजवळ खुर्ची ओढून बसायचे. एकदा ते आईला म्हणाले, “हा सुट्टीवर आला की घर असंच व्हायचं बघ. सगळे उगाच जागे.” समीक्षालाही वाटायचं, ट्रंक उघडल्यावर यायचा तो साबणाचा वास येतोय. पण ट्रंक गावी होती.

ती हॉलमध्येच बसून अभ्यास करायची. पुतळ्याच्या मागे भिंतीवर ऑइलपेंटचा हिरवा पट्टा आहे, कमरेच्या वर संपणारा. पुतळा आला त्या दिवशी त्याचे दोन्ही खांदे बरोबर त्या पट्ट्याच्या कडेला टेकत होते. हे तिच्या लक्षात होतं, कारण भूमितीच्या पेपराआधी तिला सगळीकडे समांतर रेषाच दिसतात.

एका दुपारी उजवा खांदा पट्ट्याच्या खाली होता.

तिने पट्टी लावून बघितलं. स्टूल बघितलं. स्टूल सरळ होतं.

“बाबा, काकाचा खांदा उतरलाय.”

“फायबर आहे गं. दुपारचं ऊन लागून वाकला असेल.”

“ऊन डाव्या बाजूला येतं.”

“मग तूच सांग. दहावीत कोण आहे, मी का तू?” बाबा हसले आणि तिच्या डोक्यावर टपली मारून झोपायला गेले.

पुढच्या आठवड्यात त्याच खांद्यावरचा रंग गेलेला दिसला. एसटीच्या सीटवरच्या दांड्याचा जातो तसा, हात लागून लागून. खाली पांढरं फायबर दिसत होतं. आजी पुसते म्हणून गेला असेल. पण आजी तोंड पुसायची, कपाळ पुसायची. खांद्याला हात लावताना समीक्षाने तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

३

आजीचे गुडघे गेलेले आहेत. दोन पावसाळे झाले, ती खाली उतरलेली नाही. डॉक्टरच वर येतात.

त्या दिवशी समीक्षा शाळेतून आली आणि फाटकाजवळच्या बाकावर आजी बसलेली. अनवाणी. मांडीवर हात. जत्रेतून फिरून आल्यावर माणूस बसतं तशी.

“आजी! तू कशी आलीस?”

“आनलं.”

“कोणी?”

आजीने वर तिसऱ्या मजल्याकडे हनुवटी केली. “कोन आननार? दारातनं उचाललं आन् टाकलं खांद्यावर. म्या म्हनलं, आरं पडंन मी, तर म्हनतो, डोकं सांबाळ.” ती हसली. तोंडाचं बोळकं उघडं. “पायऱ्या समद्या उलट्या दिसत हुत्या बग.”

उलट्या पायऱ्यांचं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

आजीच्या लुगड्यावर पोटापाशी ब्राँझचा रंग लागला होता. आडवा, वीतभर रुंद पट्टा.

“तुझ्या बापाला सांगू नगं,” आजी एकदम कुजबुजली. “त्यो डॉक्टर आनंल. मला येडी ठरवत्याल आन् याला न्हेतील उचलून दुसरीकडं.” तिने आपला हात समीक्षाच्या हातावर ठेवला. “कबूल?”

“कबूल.”

सुधीरकाकांनी आणि बाबांनी आजीला खुर्चीत बसवून वर नेलं. आजी म्हणाली, पोरीने धरून धरून उतरवलं, उन्हात बसावं वाटलं. सगळ्यांनी समीक्षाकडे बघितलं. समीक्षाने मान हलवली. बाबा तिला खूप बोलले. ती पुतळ्याच्या खांद्याकडे बघत राहिली.

४

रविवारी गोविंदाकाका आले. ते काकाच्या पलटणीतले, काकाने आणलेल्या तिघांपैकी पहिले. आता टिटवाळ्याला राहतात आणि ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत सुरक्षारक्षक आहेत. एक पाय ओढत चालतात. इतक्या वर्षांत ते या घरी कधी आले नव्हते. पुतळा घरी असल्याचं कुणाकडून तरी कळलं म्हणून आले आणि दारात चप्पल काढता काढता थबकले.

“हे बरोबर केलंय,” ते म्हणाले.

“काय?” बाबांनी विचारलं.

“खांदा. असाच उतरायचा त्याचा, मला घेतलं होतं तेव्हा. मी जाड होतो ना. साला शिव्या देत होता मला, गोव्या, लापशी कमी खा म्हणून.” ते हसले आणि मग त्यांना हसू आवरता आलं नाही, आणि ते हसूच राहिलं नाही. आईने पाणी आणून दिलं. बाबांनी खांद्याकडे आता पहिल्यांदा नीट बघितलं.

चहा झाल्यावर आजी म्हणाली, “समदं सांग. मला कुनी समदं सांगितलंच न्हाई.”

“पेपरात आलं तेच, आई.”

“पेपरातलं पोरीलाबी पाठ हाय. तू पायलंस ते सांग.”

गोविंदाकाकांनी कप खाली ठेवला. “पेपरात आलंय की चौथ्यांदा तो उरलेल्या साथीदारांसाठी गेला. आई, उरलं कुणीच नव्हतं. आम्ही तिघंच पडलेलो तिकडे. तिघांना आणून त्याने दगडाआड टाकलं. साहेबांनी मोजलं. साहेब म्हणाले, सुदेश, बस हो गया, बैठ जा. तो बसलासुद्धा. पाण्याची बाटली तोंडाला लावली. आणि मग कोणी हाक मारावी तसा कान देऊन उभा राहिला. म्हणाला, ‘एक राहिलंय.’ मी म्हटलं, अरे कोण राहिलंय? तर म्हणतो, ‘भिंत पडतेय. तुला ऐकू येत नाही का?’”

“भिंत?” बाबा म्हणाले.

“तेच तर. तिथे भिंत कसली? उघडा डोंगर, बर्फ. मी त्याची पॅन्ट धरली, माझ्या हातातून सोडवली त्याने. आणि नाव घेऊन हाका मारत गेला.”

“कुनाचं नाव?” आजीने विचारलं.

“ते आम्ही कुणाला बोललो नाही. साहेब म्हणाले, शहीद माणूस, उगाच लोक म्हणतील डोकं फिरलेलं.” गोविंदाकाकांनी ओशाळून गालावरून हात फिरवला. “फटाक्याचं नाव, आई. लवंगी, लवंगी करत गेला तो.”

आजीला ते नाव माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं. तिघांपैकी कुणीही समीक्षाकडे बघितलं नाही.

५

आईचं झालं ते दुपारी भाकरी करताना. समीक्षा क्लासहून आली तर आई खाली दुचाक्यांमध्ये उभी, दोन्ही हात पिठाचे, आणि प्रमोदिनीकाकू विचारताहेत, “अगं, गॅस चालू ठेवून आलीस की काय?” आईने काहीतरी उत्तर दिलं आणि समीक्षाचं मनगट धरून तिला जिन्यात ओढलं. “मी दळण आणायला उतरलेले. कळलं? चक्कर आली असेल मला. कुणाला बोलू नकोस, आधीच घरात काय कमी आहे का.” तिच्या गाउनवर पोटापाशी ब्राँझचा पट्टा होता. तुळईपाशी आईने मान खाली घातली. आई ठेंगणी आहे. तिने तिथे कधीच मान खाली घातली नव्हती.

बाबांचं व्हायला फार वेळ लागला नाही. पहिली पाळी करून ते जेवून झोपले होते. समीक्षाला ते बाकावर दिसले. बनियनवर, अनवाणी. ती शेजारी बसली. ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले.

“गावी ओढा होता ना, शाळेच्या वाटेवर. तो ओलांडताना मी त्याला उचलायचो. एवढासा होता. नाक गळायचं त्याचं माझ्या मानेवर.” त्यांनी मानेवरून हात फिरवला. “मला कुणी उचललेलं मला आठवत नाही गं. थोरला होतो ना. आज कळलं, किती हलकं वाटतं ते.”

मग ते रडले. समीक्षाने बाबांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. पेटी आली तेव्हाही ते पाहुण्यांना खुर्च्या लावत होते, असं आई सांगते.

“आईला बोलू नको,” ते म्हणाले. “प्रीलिम होऊ दे तुझी. अनावरण होऊ दे. मग टिटवाळ्याला भाड्याने जागा बघू. गोविंदाला सांगितलंय मी. राहायचं नाही आता इथे.”

“बाबा, प्रीलिमच्या आधी नाही का बघता येणार?”

“एवढ्या दिवसांत काय होतंय?” बाबा म्हणाले, आणि त्यांनी वर इमारतीकडे बघितलं.

त्या रात्री समीक्षाने अंथरुणात पडून हिशेब मांडला. तिला रेषा सरळ केल्याशिवाय झोप येत नाही. काकाने ज्या तिघांना उचललं ते तिघेही वाचले. गोविंदाकाका वाचले, दुसरे दोघे वाचले. म्हणजे खांद्यावर जाणं चांगलं. पण चौथ्यांदा तो आत गेला तेव्हा बाहेर कुणीच आलं नाही, आणि त्या वेळी तो तिचं नाव घेत होता. म्हणजे चौथी फेरी कशी असते, हे कुणालाच माहीत नाही. सांगायला कुणी उरलेलं नाही. आता घरातल्या तिघांना त्याने खाली नेऊन सोडलं होतं. आजी, आई, बाबा.

पलीकडच्या खोलीत आजी झोपेत म्हणाली, “आरं, जरा दम खा की.”

६

आज सव्वीस जानेवारी. निवडणूक झाली, आचारसंहिता उठली. सकाळी टेम्पोवाले पुतळा न्यायला आले. मूर्तिकाराचा माणूस खांदा बघून वैतागला, “कुणी घासलं हे? चौकात ब्रश मारावा लागेल आता.” उतरवताना एक टेम्पोवाला दुसऱ्याला म्हणाला, “येताना केवढं वजन होतं रे याला. आता नुसता डबा वाटतोय.”

हे ऐकलं फक्त समीक्षाने.

आजीला मंडळाच्या पोरांनी खुर्चीतून नेलं. तिने पदक लावलं होतं, लुगड्याला, डाव्या बाजूला. जाताना उंबऱ्यावर पाणी शिंपडून गेली. आई गेली, बाबा गेले. सुधीरकाका, प्रमोदिनीकाकू, सगळी बिल्डिंग गेली, कारण कार्यक्रमानंतर नाश्ता आहे. समीक्षाला स्टेजवर ‘माझे काका’ म्हणून चार वाक्यं बोलायची होती. ती म्हणाली, पोटात दुखतंय. बाबा म्हणाले, “बरं, पड जरा. मी येतो मधे बघून.” आजीने मात्र तिच्याकडे लांबवर वळून वळून बघितलं.

ती आता हॉलमध्ये बसून लिहिते आहे. समोर रिकामं स्टूल आहे, शेजारी बंद टीव्ही. दाराला आतून कडी लावलेली आहे. खिडकीतून चौकातला लाउडस्पीकर ऐकू येतो. वारा वळला की शब्द येतात, नाही तर नुसता घोंघाट. शहीद नाईक सुदेश धोंडीबा शेलार यांच्या. मग टाळ्या. मग काहीच नाही.

इतकी शांत बिल्डिंग तिने कधी ऐकलेली नाही. एरवी कुणाचा मिक्सर, कुणाचा कुकर चालू असतो. म्हणून तो दुसरा आवाज तिला आज पहिल्यांदा ऐकू येतो आहे. भिंतीच्या आत कुणीतरी सुपात तांदूळ पाखडतंय, तसा. थांबतो. पुन्हा सुरू होतो. हिरव्या पट्ट्याची कड सरळ होती. आता एका जागी तिला पायरी पडली आहे.

उठून बाहेर जावं, हे समीक्षाला कळतं. ती वेडी नाही. पण जिन्यात पावलं वाजताहेत. बाबा नाहीत. बाबा चप्पल घालून गेले. ही बुटांची आहेत, दमलेल्या माणसाची, घाई असूनही एकसारखी. पहिला मजला झाला. दुसरा झाला. तुळईपाशी जराशी थांबली आणि मग वर आली.

उंबऱ्यावरचं आजीचं पाणी अजून सुकलेलं नाही. त्यात मघाशी नव्हत्या अशा दोन कोरड्या जागा आहेत. दाराच्या आतल्या बाजूला. कडी तशीच लागलेली आहे.

साबणाचा वास येतोय.

ती मागे वळून बघत नाही. समोर टीव्हीची काळी काच आहे, तिच्यात जेवढं दिसतं तेवढंच ती लिहिते. एक खांदा दिसतो. उजवा. खाली, फार खाली आलेला. लहान मुलाला चढता यावं म्हणून माणूस एक गुडघा टेकून बसतो तेव्हा येतो तेवढा खाली. पुतळ्याला गुडघा नव्हता.

तो वाट बघतो आहे. त्याला दम लागलेला ऐकू येतो. किती लांबून आला असेल, आणि किती वर्षं धावत असेल. छताची भुकटी वहीवर पडते आहे, ती फुंकून समीक्षा लिहिते आहे. लाउडस्पीकरवर कुणीतरी वाचून दाखवतंय, जीवाची पर्वा न करता ते चौथ्यांदा पुन्हा. वारा फिरला.

“लवंगी.”

हो काका, आले. एवढं एक वाक्य होऊ दे. मला भीती वाटत नाही असं नाही, पण तेव्हा तू पाणी सोडून उठलास ते माझ्यासाठीच असेल, तर या वेळी आपण दोघांनी